सातवा सुरुंग

एके काळी दुलीचंदला विचारल्याशिवाय मोहल्ल्यातला वीस-बावीस वर्षांचा पोरगा कामधंद्यासाठी घराबाहेर पाऊल टाकत नसे. राजेगावच्या अलीकडे दोन कोसांवर, बाघ नदीच्या काठचं ते गाव. गावाच्या उगवतीला बौद्धांची तीस-बत्तीस घरं. त्या घरांत दुलीचंद एकटाच असा होता, की ज्यानं अठरा वर्षं मॅंगनीजच्या खाणीत काढली, सुरुंगांचा मुकादम म्हणून नाव कमावलं आणि साहेबाशी हिंदीत बोलताना ज्याची नजर जमिनीला लागत नसे. बायको खाणीवरच वारली. दोन्ही पोरी तुमसरकडे दिल्या. मग तो थोरल्या भावाच्या अंगणात येऊन राहिला. पुढं भाऊही गेला. मागं उरली भावजय शेवंताबाई आणि तिचा एकुलता एक वसंता.

पोरं यायची. बिडीच्या कारखान्यात बसू की गोंदियाच्या मालधक्क्यावर जाऊ, नागपूरच्या गिरणीत कोणाची ओळख आहे का, की पाटलाकडं सालदारच राहू. दुलीचंद तंबाखू मळत सगळं ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, "ढोरं वढनं सोडलं आपन. आता हाताले कसब पायजे. कसबी मानसाले कोनी दारातून हाकलत नाही." ऐकणाऱ्याला ते पटायचं, कारण सांगणाऱ्याच्या दोन्ही हातांवर दगडाचे व्रण होते.

हे सगळं सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात थांबलं. एकोणसत्तरच्या चैत्रात टिकाराम आला. मलाजखंडला सरकारी लोक डोंगराला भोकं पाडून पाहतायत, मजूर घेतायत, जाऊ का, असं विचारायला आला. दुलीचंदनं खांद्यावर दुपट्टा टाकला, "मले इचारू नोको" एवढं म्हटलं आणि नदीची वाट धरली. टिकाराम बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. मग शेवंताबाईनं दिलेलं पाणी पिऊन निघून गेला.

लोक म्हणत, पुतण्या गेल्यापासून माणूस खचला. खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

वसंता सातवी पास झाला होता. बाविसाव्या वर्षी त्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगचा कागद आला, तेव्हा तो कागद घेऊन पहिल्यांदा काकाकडंच आला. दुलीचंदनं कागद उलटून-सुलटून पाहिला. मास्तर होऊन बैहरच्या जंगलात एकटं पडून राहण्यापेक्षा माझ्याजवळचं कसब घे, असं तो म्हणाला. जिकडं तिकडं विहिरी खणणं चालू आहे, सुरुंगवाल्याचं काम कधी खुटत नाही. वसंतानं कागद घडी करून पेटीत ठेवला आणि घण उचलला. वर्षभरात त्याचे दंड गोटीसारखे झाले. अंजनाशी लग्न झालं. मोहल्ल्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, म्हणून पंचायतीनं मोहल्ल्याची वेगळी विहीर मंजूर केली, तेव्हा तिचं काम काका-पुतण्याकडंच आलं.

तीस हातांवर काळा दगड लागला. त्या दिवशी सात भोकं पाडली, सात वाती पेटवल्या. दोघं वर येऊन मुरमाच्या ढिगाआड आडवे झाले. मोहल्ला दूर चिंचेखाली उभा होता. आवाज झाले, धूर वर आला, धूर विरला. वसंता उठून काठाशी गेला. वाकून पाहिलं आणि काकाकडं वळला.

"सहाच वाजले, काका."

खाणीतला कायदा दुलीचंदला तोंडपाठ होता. आवाज एकानंही कमी आला तर घंटाभर कोणी खाली उतरायचं नाही. पण त्याचा डावा कान खाणीतच गेला होता आणि उजवाही अर्धाच शाबूत होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. मुकादमाचा कान गेला म्हणजे मुकादमकी गेली. त्यानं स्वतः किती आवाज ऐकले होते? पाच की सहा, त्याला धड सांगता आलं नसतं. चिंचेखालून माणसं पाहत होती. जेवणाची वेळ टळून चालली होती.

"दोन संगं वाजले," तो म्हणाला. "उतर."

वसंता उतरला.

पुढं मोहल्ल्यात आपोआप एक गोष्ट तयार झाली. वात भिजली होती, पोरगा तरणाताठा, दम धरवला नाही, घाई केली. कोणी मुद्दाम रचली नव्हती ती. दुलीचंदनं फक्त ती खोडली नाही. शेवंताबाईही तेच म्हणू लागली. लहानपणापासूनच घायकुत्या होता माझा पोरगा, जेवतानासुद्धा धीर नसायचा, असं सांगताना ती पदरानं नाक पुसायची, आणि दुलीचंद समोर बसून ऐकायचा.

तेव्हापासून त्याला मोजायची खोड लागली. मोहल्ल्यात कोणी उखळात कांडू लागलं की तो घाव मोजायचा. होला घुमला की मोजायचा. सहापर्यंत यायचा आणि अंग आखडून थांबायचा. पुढचा घाव पडेपर्यंत त्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. डाव्या, बहिऱ्या कानात तर भर दुपारी, चिटपाखरू हलत नसताना, पहारीवर घण पडल्याचा आवाज यायचा. पडायचा आणि थांबायचा, जसा वसंता घाम पुसायला थांबायचा.

एकोणसत्तरच्या वैशाखात नदीसुद्धा आटली. अर्धवट विहीर काटेरी फांद्या टाकून झाकलेली होती. तिच्यात उतरायला कोणी तयार नव्हतं, आणि तिच्याजवळून जाताना बाया पोरांना दुसऱ्या बाजूला घेत. पाण्यासाठी नदीच्या वाळूत झिरे खणावे लागत. हातभर वाळू उपसायची, बसून राहायचं, तळाशी साचलेलं पाणी नारळाच्या करवंटीनं गुंडात, पितळी घागरीत, भरायचं. एका गुंडाला अर्धा तास.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. तांबडं फुटायच्या आत तिघंही जंगलात जात. शेवंताबाई, अंजना आणि चार पावलं मागं दुलीचंद. झुडपं कमरेएवढी. दिवसभर वाकून पाठीचा कणा बधिर व्हायचा, आणि पानांच्या चिकानं बोटं काळी पडून भाकरीला कडू चव यायची. दुपारी अंगणात बसून पन्नास-पन्नास पानांची पुडकी बांधायची. तेही मोजणंच होतं. दुलीचंद पान मोजताना सहावर अडखळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचा. त्याची पुडकी दोघींच्या निम्मी व्हायची. अंजना आपल्या ढिगातली पुडकी त्याच्या टोपलीत सरकवायची.

अंजना तेव्हा बावीस वर्षांची होती. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. वसंतानं तिला घरी शिकवून बाहेरून सातवीच्या परीक्षेसाठी तयार केलं होतं, आणि तो गेल्यानंतर तिनं ती परीक्षा दिली होती.

एका दुपारी तिचा बाप फकिरा गोंदियाकडून आला. पाय धुतले, पानाच्या ढिगाशेजारी टेकला आणि हळूहळू विषयावर आला. वारासिवनीला धानाच्या मिलीत कामाला असलेला एक बिजवर त्यानं पाहिला होता. पस्तिशीचा, दोन लेकरांचा, निर्व्यसनी. अंजनाचं वय काय बसून काढायचं आहे? शेवंताबाई ऐकत होती. तिनं नाही म्हटलं नाही आणि हौही म्हटलं नाही. सून गेली तर अंगणात दोन म्हातारी उरतात हे तिला दिसत होतं, पण ते तोंडावर आणणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेवटी ती म्हणाली की दुलीचंदभाऊ म्हणतील तसं.

तेव्हा अंजनानं हातातलं पुडकं खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"मी अर्ज आनला आहे," ती म्हणाली. "बालाघाटले नर्सबाईच्या ट्रेनिंगचा. दोन वर्सं तेथंच राहा लागते. सोमवारपर्यंत द्याचा आहे. घरच्या मानसाची सही पायजे."

फकिरानं कपाळाला हात लावला. परक्यांची बाळंतपणं करत रानोमाळ फिरणारी बाई, तिला मग बायको कोण करेल, हे तो दोन-तीनदा निरनिराळ्या शब्दांत म्हणाला. मग तिघंही दुलीचंदकडं पाहू लागले. त्याला एकदम वाटलं, आपण ढिगाआडून उठून उभे राहिलो आहोत आणि एक तरणं माणूस काठावरून वळून आपल्याकडं पाहत आहे.

"मले इचारू नोको," तो म्हणाला. "मी सही करनार नाही आन् मोडताही घालनार नाही."

"सही नाही केली म्हंजे मोडताच झाला, मामाजी," अंजना म्हणाली. तिनं पुडकं पुन्हा उचललं.

संध्याकाळी पुडकी घेऊन तो फडावर गेला. तेंदूपत्ता मोजून घेणाऱ्या मुनशीनं त्याची टोपली पायानं आडवी केली. वरचं एक पुडकं सोडून पानं मोजली. सत्तेचाळीस. दुसरं सोडलं. चोपन्न. "दो साल से देख रहा हूँ," मुनशी आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मुकद्दम साहब को गिनती नहीं आती." लोक हसले. दुलीचंदही कसनुसा हसला. रांगेतून बाजूला होऊन त्यानं सगळी पुडकी सोडली आणि जमिनीवर बसून पुन्हा मोजू लागला. सहा. सहा. सहा. अंधारून आलं तेव्हा फड उठला होता आणि पानं त्याच्या मांडीवर तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवर गेला. अंजना झिऱ्याशी एकटीच बसली होती, करवंटी हातात, पाणी साचायची वाट पाहत. बाकीच्या बाया वरच्या अंगाला होत्या. दुलीचंद चार हातांवर वाळूत बसला. वाळू तेव्हाच तापायला लागली होती. ऐकू येणारा कान त्यानं तिच्याकडं केला.

"तू ज्या हाताची सही मागून राह्यली," तो म्हणाला, "त्या हाताचं तुले मालूम नाही." त्यानं मूठभर वाळू उचलून खाली सोडली. "वसंतानं घाई नोती केली. त्यानं मले इचारलं होतं. सहाच वाजले म्हने. मी म्हटलं, उतर."

अंजनानं करवंटी झिऱ्यात बुडवली, गुंडात रिकामी केली, पुन्हा बुडवली. मग म्हणाली, "मले मालूम आहे."

त्याला वाटलं, कानानं दगा दिला.

"मी भाकरी घेऊन आलती. नदीकडून. ढिगाच्या या बाजूले उभी होती. मीबी सहाच मोजले होते." ती सरळ त्याच्याकडं पाहत नव्हती, पण आवाजही कापत नव्हता. "मले वाटलं, हे मोठे मानूस, याहिले समजते. म्हून मीबी चूप राह्यली. तुमी एकटेच नाही, मामाजी."

नदीच्या पात्रात ऊन पांढरं पडलं होतं. वरच्या अंगाला एक बाई पोराला हाका मारत होती. दुलीचंदनं किती हाका झाल्या ते मोजलं नाही. हे त्याच्या नंतर ध्यानात आलं.

दोन वर्षं ही का बोलली नाही, हे त्यानं विचारलं. विचारताना त्याला लाज वाटली, तरी विचारलं.

"बोलली असती तं तुमी या घरात राह्यले नसते. तुमी गेले असते तं आमी दोघी बायांनं काय केलं असतं? आत्याबाई तं पानी पेयाच्याही राह्यल्या नोत्या." तिनं गुंड हलवून पाहिला. अजून अर्धाच होता. "आता मले रोज तुमच्यासमोर बसून पानं बांधनं होत नाही. तुमी मोजता आन् थांबता, मंग मीबी आतल्या आत मोजते. आनखी धा वर्सं असं केलं तं मी येडी होईन."

"मंग सांग, मी काय म्हनू तुले? जा म्हनू का राहा म्हनू?"

"तुमचा सल्ला नोको मले," अंजना म्हणाली. "सही पायजे. आन् मी गेल्यावर आत्याबाईले सांगा. मी हाओ तोवर नोको. त्याहिचं तोंड मले पाहावनार नाही. पन सांगा. त्या आपल्या पोराले घायकुत्या म्हनतेत, ते मले ऐकवत नाही."

सोमवारी दोघं पहिल्या बसनं बालाघाटला गेली. दुलीचंदनं खाणीवरून आणलेला खाकी कोट त्या उन्हातही घातला होता. दफ्तरातला बाबू बोटानं रकाने दाखवत हिंदीत विचारत होता. आप इनके कौन? चुलत सासरा. पती? वारला. कशानं? दुलीचंदनं कोटाचं वरचं बटण लावलं. बाबूनं मान वर केली आणि पुन्हा विचारलं. "कुएँ में उतरा था," तो म्हणाला, "मैंने उतारा." बाबूला त्यातलं शेवटचं नको होतं. त्यानं दुर्घटना असं लिहिलं आणि कागद सहीसाठी फिरवला. खाणीवरच्या रात्रशाळेत शिकलेली चार अक्षरं दुलीचंदनं एकेक थांबून काढली.

महिन्याभरानं बोलावणं आलं. फकिरा रागावला, महिनाभर आला नाही, मग स्वतःच एक पत्र्याची पेटी घेऊन आला. त्या पेटीत अंजनानं दोन लुगडी, वसंताची पाटी आणि सातवीचा दाखला ठेवला. वसतिगृहाच्या दारापर्यंत दुलीचंद तिच्यासोबत गेला. आत जाताना ती वाकून पाया पडली. तो दोन पावलं मागं सरकला, पण तिनं त्याचे पाय धरलेच. "आजच सांगा," ती हळू म्हणाली.

तो उतरत्या उन्हाला घरी पोचला. शेवंताबाईनं पाय धुवायला पाण्याचा गडवा दिला आणि पोरगी नीट पोचली का, खोलीत आणखी किती जणी आहेत, खाटा आहेत की खाली निजतात, असं विचारत राहिली. दुलीचंदनं गडवा हातात धरूनच सगळं सांगितलं. सात भोकं. सहा आवाज. गेलेला कान. चिंचेखालची माणसं. तो शब्द. अंजनानं ऐकलं होतं हे मात्र त्यानं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क तिचा होता.

शेवंताबाईचा चेहरा पुसून टाकल्यासारखा झाला. मग तिनं विचारलं, "त्याले समजलं होतं, सहाच वाजले म्हून?"

"हौ."

"तुमाले इचारलं त्यानं?"

"हौ, वयनी."

"म्हंजे माया लेकानं घाई नोती केली."

"नाही केली."

ती खाली बसली. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि रडली. वसंता गेला त्या दिवशी रडली नव्हती तशी रडली. शेजारच्या बाया धावत आल्या, सून गेली म्हणून रडतेय समजून तिला धरू लागल्या. दुलीचंद पाण्याचा गडवा घेऊन तिथंच उभा होता. त्याचे पाय धुवायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तीन दगड मांडले. त्याची चूल वेगळी झाली. मोहल्ल्यानं कारण विचारलं तेव्हा दुलीचंदनं स्वतःच, घरोघर जाऊन, सांगून टाकलं. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं. डोमाजी म्हातारा म्हणाला की एवढी वर्षं दडवलं ते आता कशाला उकरलं. दोन-तीन दिवस पोरं त्याच्याकडं लांबून पाहत, जशी त्या विहिरीकडं पाहत. तो जागा सोडून गेला नाही. मनात येत होतं, पोरींकडं तुमसरला निघून जावं, पण अंजनाला दिलेला शब्द फक्त सांगण्यापुरता नव्हता, असं त्याला वाटत राहिलं. शेवंताबाईच्या वाटचं पाणी तो पहाटे नदीवरून भरून आणायचा, तिच्या दारात ठेवायचा. ती घ्यायची. बोलत नव्हती.

धान कापायला आला तरी तसंच चाललं होतं. एके दिवशी दुसऱ्या गावचा हिरालाल नावाचा एक पोरगा आला. एकवीस वर्षांचा, दहावी नापास. पोलिसात भरती आहे, पण बाप म्हणतो शेतमजुरीलाच राहा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की त्या माणसाला जाऊन विचार. मागचं काही त्याला माहीत नसावं. दुलीचंदनं नेहमीचंच म्हटलं. मले इचारू नोको.

पलीकडं शेवंताबाई सुपानं धान पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"त्याले सांगा," ती म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याला उद्देशून तोंड उघडलं होतं.

"काय सांगू, वयनी?"

"जे मले सांगतलं ते. पयले ते सांगा. त्याउप्पर त्याले तुमचा सल्ला पायजे असंन तं द्या."

दुलीचंदनं सांगितलं. हिरालाल मान खाली घालून ऐकत राहिला. मग उठला आणि गेला. आठवड्यानं पुन्हा आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला की आता सांगा. दुलीचंदनं आयुष्यात पहिल्यांदा सल्ला द्यायच्या आधी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? आणि चांगला कान त्याच्याकडं केला.

पुढं वर्षानुवर्षं हे असंच चाललं. अंजनाला बैहरकडच्या एका केंद्रावर नेमणूक मिळाली. ती पायी चार-चार गावं करायची, आणि बुद्धपौर्णिमेला घरी येई तेव्हा दोघांच्याही चुलीवरचं खाई. विहीर कोणी पुन्हा खणली नाही. तिच्यात रानउंबर उगवलं. दुलीचंदच्या कानातला घण काही थांबला नाही. त्यानं तो थांबावा म्हणून कोणाला नवसही केला नाही. पोरं यायची, काही अर्ध्यातून उठून जायची, काही थांबायची. प्रत्येकाला तो पहिल्यापासून सगळं सांगायचा. दर वेळी शेवंताबाई आपलं काम घेऊन पलीकडं बसलेली असायची.

वय वाढलं तसा तो थकू लागला. कधीकधी सांगताना भराभर पुढं जायचा. सात भोकं होती, सहा वाजले, वसंता उतरला.

"आपल्या मनानं नाही उतरला," पलीकडून शेवंताबाईचा आवाज यायचा. "कसा उतरला ते सांगा, भाऊजी."

मग दुलीचंद मागं यायचा. समोरच्या पोराच्या डोळ्यांत पाहायचा आणि तो शब्द जसा त्या दिवशी म्हटला होता तसाच म्हणायचा.